‘अनुभव’ मोजतो कोण? पशुवैद्यकीय प्रवेशअर्ज आणि आपल्या मुलांची ‘गॅप’

परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरणारी आपली मुले आमच्याकडे मसुदे वाचायला पाठवतात, तेव्हा सोबत एक प्रश्न हमखास असतो : ‘ताई, मधल्या दोन वर्षांचं काय लिहू?’ इंजिनिअरिंगवाले विचारतात, सामाजिक शास्त्रांचे विचारतात. पण पशुवैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्यांसाठी हा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. कारण तिथे ‘अनुभव’ हा शोभेचा रकाना नाही, तो तासांत मोजला जातो. आणि मोजमाप आले की आंबेडकरवाद्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हा : माप कुणाचे?

आधी व्यवहार समजून घेऊ. आपल्याकडे बी.व्ही.एस्सी.ला जायचे तर नीटचे गुण लागतात. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ या कॉलेजांच्या दारात तुम्ही यापूर्वी कधी गाभण म्हैस पाहिली होती का, हे कुणी विचारत नाही. नीटच्या कोचिंगचा बाजार आणि त्यात आपल्या मुलांचे काय होते यावर स्वतंत्र लिहावे लागेल. अमेरिकेत रीत वेगळी आहे. तिथे आधी कॉलेजचे शिक्षण, पूर्वअटीचे विज्ञान विषय, आणि त्यानंतर चार वर्षांची डीव्हीएम ही पदवी. बहुतेक कॉलेजांचा अर्ज व्हीएमकॅस नावाच्या एकाच सामाईक व्यवस्थेतून जातो. त्यात प्रत्येक अनुभवापुढे लिहावे लागते : कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत, आठवड्याला किती तास, देखरेख कुणाची. अनुभवाचे वेगवेगळे खण आहेत. पशुवैद्याच्या देखरेखीखाली केलेले काम एका खणात, देखरेखीशिवाय जनावरांसोबत केलेले काम दुसऱ्या खणात, संशोधन तिसऱ्यात. शिफारसपत्रांतही पशुवैद्याचे पत्र बहुतेक ठिकाणी हवेच. काही कॉलेजे किमान तास ठरवून देतात, काही देत नाहीत. पण प्रवेश मिळवणाऱ्यांच्या अर्जावर शेकडो, कधी हजारो तास असतात.

आमच्यासमोर दोन प्रकारची मुले येतात. एक म्हणजे अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या बौद्ध कुटुंबांतली, तिथेच वाढलेली, डीव्हीएमला अर्ज करणारी. दुसरी इथली, बी.व्ही.एस्सी. झालेली, एम.एस. किंवा पीएच.डी.साठी बाहेर जाऊ पाहणारी. दुसऱ्यांचा अर्ज व्हीएमकॅसचा नसतो, पण बायोडेटामधली रिकामी वर्षे आणि ती वाचणाऱ्या समितीची भुवई सारखीच. दोघांनाही वाटते की ही उणीव आपली स्वतःची आहे. आमचे म्हणणे हे, की ती भरून काढण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडली आहे हे खरे, पण ती तुम्ही निर्माण केलेली नाही. या दोन गोष्टींत गल्लत केली की अर्ज माफीनाम्यासारखा वाचला जातो.

दवाखान्यात पशुवैद्याच्या मागे उभे राहून काम पाहणे, याला तिकडे ‘शॅडोइंग’ म्हणतात. त्याचे सहसा पैसे मिळत नाहीत. गाडी स्वतःची लागते, पेट्रोल स्वतःचे. उन्हाळ्याच्या सुटीत पगारी काम न करता फुकट उभे राहण्याची ऐपत लागते. आणि सगळ्यात आधी लागते ओळख. वडिलांचा मित्र पशुवैद्य आहे, घरी घोडा आहे, मामाची डेअरी आहे, अशा मुलाचे तास शाळेत असतानाच सुरू होतात. पेट्रोल पंपावर किंवा किराणा दुकानात संध्याकाळी काम करणाऱ्या मुलीचे तास सुरूच होत नाहीत. ती आळशी होती काय? ती त्याच्यापेक्षा जास्त तास राबत होती. फक्त तिच्या तासांना अर्जात मोठा खण नव्हता.

याचा परिणाम काय झाला ते पाहा. अमेरिकेतला पशुवैद्यकीय व्यवसाय हा तिथल्या सर्वांत गोऱ्या व्यवसायांपैकी एक मानला जातो. दहापैकी नऊच्या आसपास पशुवैद्य गोरे. आणि तिथल्या कृष्णवर्णीय पशुवैद्यांपैकी बहुसंख्य एकाच संस्थेतून शिकलेले आहेत : अलाबामातल्या टस्कीगी विद्यापीठातून. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यामुळे हे नाव आपल्या चळवळीत अनेकांना ठाऊक आहे. पण तिथले पशुवैद्यकीय कॉलेज ज्यांनी उभे केले त्या फ्रेडरिक डग्लस पॅटरसन यांचे नाव फारसे कुणी घेत नाही. लहानपणीच आईवडील क्षयाने गेलेला हा मुलगा १९२३ साली आयोवातून पशुवैद्य झाला, पुढे टस्कीगीचा अध्यक्ष झाला आणि चाळीसच्या दशकाच्या मध्यावर, दक्षिणेतल्या गोऱ्या कॉलेजांची दारे काळ्या मुलांना बंद असताना, त्याने आपल्या आवारातच पशुवैद्यकीय कॉलेज सुरू केले. १९४४ सालीच त्याने काळ्यांच्या कॉलेजांसाठी एकत्र निधी उभारणारी संस्थाही काढली. ‘आमच्या मुलांचा अनुभव कमी पडतो’ अशी तक्रार करत हा माणूस बसला नाही. अनुभव जिथे मिळतो ती जागाच त्याने बांधली. आम्हाला पॅटरसन महत्त्वाचे वाटतात ते यासाठी.

आता कुणी म्हणेल, की केवळ गुणांवर निवड करण्यापेक्षा अनुभव, निबंध, शिफारस असे सगळे पाहणे चांगलेच की! तिकडे याला सर्वांगीण मूल्यमापन म्हणतात आणि आपल्यातल्याही काहींना ते फार पुरोगामी वाटते. या कल्पनेचा जन्म कुठे झाला? जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाने ‘द चोझन’ या २००५ सालच्या ग्रंथात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांचा इतिहास मांडला आहे. १९२० च्या दशकात प्रवेशपरीक्षेत ज्यू मुले मोठ्या संख्येने पास होऊ लागली, तेव्हा या विद्यापीठांना अचानक ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘नेतृत्व’ यांची आठवण झाली. गुणांनी अडवता येत नव्हते, म्हणून न मोजता येणाऱ्या गोष्टी पुढे आणल्या. म्हणजे सर्वांगीण मूल्यमापन हे दुधारी शस्त्र आहे. वाचणारा प्रामाणिक असेल तर ते आपल्या मुलाची खरी वाटचाल पाहू शकते. नसेल तर ‘फिट’ वाटत नाही एवढे म्हणून बाहेर काढू शकते. आपण मेरिटवाद्यांशी भांडताना गुणांच्या मक्तेदारीवर बोट ठेवतो ते योग्यच आहे, पण म्हणून ‘अनुभव’ हा शब्द ऐकल्याबरोबर हुरळून जायचे कारण नाही.

आणि जनावरांच्या अनुभवाचा विषय निघाला की आपल्या समाजासाठी तो साधा विषय राहतच नाही. या देशात जनावरांचा अनुभव कुणाला नव्हता? मेलेले जनावर ओढायचे, सोलायचे, फाडायचे, पुरायचे, ही कामे जातीने कुणाच्या गळ्यात बांधली होती? पोट फुगून मेलेले कोणते, विषबाधेने मेलेले कोणते, हे फाडणाऱ्याला दिसत होते. कांचा इलैया यांनी चामड्याच्या कामात किती विज्ञान होते ते सविस्तर मांडले आहे. आज पशुवैद्यकीय कॉलेजात तेच शव टेबलावर येते, तेच पोट उघडले जाते, आणि त्याला विकृतिशास्त्राचे प्रात्यक्षिक म्हणतात. शव तेच. एकजण त्याला हात लावून डॉक्टर झाला, दुसरा हात लावून अस्पृश्य.

इथे आमच्या काही तरुण मित्रांना एक मोह होतो. तो समजण्यासारखा आहे, तरी त्याला आमचा विरोध आहे. निबंधात लिहायचे, की माझ्या पणजोबांनी मेलेली जनावरे ओढली, म्हणून जनावरांचे ज्ञान माझ्या रक्तात आहे. परदेशी समितीला हे फार भावेल असे त्यांना वाटते. मित्रांनो, रक्तात ज्ञान असते हा सिद्धान्त आपला नाही. तो ज्यांचा आहे त्यांना लखलाभ. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, ही हलकी ठरवलेली कामे सोडा, असे सांगितले आणि गावोगाव आपल्या माणसांनी मार खाऊन, बहिष्कार सोसून ती सोडली. शिंगे, हाडे, कातडे यांतून मिळणारे उत्पन्न बुडेल असा हिशेब मांडणारे तेव्हाही होते. १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचा समाचार घेतला, त्याचा आशय असा, की एवढा फायदा आहे तर तुम्हीच ओढा. २०१६ साली ऊनामध्ये मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना भररस्त्यात मारले गेले, तेव्हा गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीच्या दारात नेऊन टाकली. हा नकाराचा इतिहास आहे. ज्या कामाला नकार देऊन आपण माणूस झालो, ते काम आता अर्जात सजवून मांडायचे? पणजोबांनी ते सोडले कसे, हे लिहा. तो तुमचा वारसा आहे.

याच्या उलट टोकाचा आक्षेपही आम्ही ऐकला आहे. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, बाबासाहेबांनी आपल्याला जनावरांपासून सोडवले आणि तुम्ही पोरांना पुन्हा गोठ्यात पाठवता. त्यांचा आदर ठेवून सांगतो, की बाबासाहेबांनी आपल्याला जनावरांपासून नाही, सक्तीपासून सोडवले. ज्या खेड्यात आपल्या आजोबांना जिवंत गाईच्या धारेला हात लावता येत नव्हता, तिथे आज आपली मुलगी पशुधन विकास अधिकारी म्हणून येते आणि पाटलाच्या गोठ्यात जाऊन त्याच्या म्हशीची वार काढते, ही लहान गोष्ट आहे काय?

आता मूळ प्रश्न. अर्जातल्या रिकाम्या जागेचे करायचे काय?

आम्ही पाहिलेल्या मसुद्यांत ही जागा तीन कारणांनी रिकामी असते. कधी अनुभव असतो पण तो अनुभव आहे हे मुलाला माहीतच नसते. कधी मधली वर्षे दुसऱ्याच कामात गेलेली असतात. आणि कधी खरोखर काहीच नसते.

पहिले कारण सगळ्यात जास्त आढळते आणि सगळ्यात जास्त चीड आणते. मराठवाड्यातला एक मुलगा आम्हाला म्हणाला, ‘मला जनावरांचा अनुभव नाही.’ तासभर बोलल्यावर कळले की घरी सहा शेळ्या. आठवीपासून सकाळ-संध्याकाळ त्याच करायचा. जंताचे औषध पाजणे, आंत्रविषाराच्या लसीसाठी शेळ्या दवाखान्यात नेणे, अडलेल्या शेळीजवळ रात्र काढणे, आई मेलेल्या करडाला बाटलीने दूध पाजून वाढवणे. हे सगळे करून ‘अनुभव नाही’! का? कारण अनुभव म्हणजे एसी दवाखान्यात पांढरा कोट घालून काढलेला फोटो, हे त्याच्या डोक्यात कुणीतरी बसवले आहे. आपल्याकडे जमीन नाही म्हणून शेळी आहे; गरिबाची गाय म्हणतात ती हीच. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी जे सत्याग्रह केले, त्यानंतरही गायरानाच्या तुकड्यासाठी आपली माणसे अजून कोर्टकचेऱ्या करत आहेत. अशा घरातल्या मुलाची शेळी त्याच्या अर्जात आली नाही, तर मग कुणाची येणार?

पण ती योग्य खणात आली पाहिजे. घरच्या शेळ्या म्हणजे जनावरांसोबतचा अनुभव, पशुवैद्यकीय अनुभव नव्हे. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली शेळी धरली, तापमान घेतले, नोंद ठेवली, तर ते तास पशुवैद्यकीय. २०२२ साली लम्पीची साथ आली, शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचत गावोगाव पथके फिरली. त्यात डॉक्टरांसोबत जनावरे धरायला, टॅग नंबर लिहायला आपली कितीतरी पोरे होती. तेही तास पशुवैद्यकीय, डॉक्टरांचे नाव आणि तारीख सांगता येत असेल तर. हिशेब प्रामाणिक करा. रोज दीड तास, आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे ४६८ तास. परीक्षेचे दोन महिने धाकटी बहीण बघत होती? ते वजा करा. उरलेला आकडा छोटा वाटला तरी तो ठाम उभा राहतो, कारण समोरच्याने काहीही विचारले तरी तुमच्याकडे उत्तर आहे.

दुसरे कारण म्हणजे दुसरीकडे गेलेली वर्षे. नीटचा दुसरा, तिसरा प्रयत्न. जात पडताळणीत अडकलेले वर्ष. (१९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या, तरी आजही दाखल्यावर ‘बौद्ध’ पाहिले की काही टेबलांवरच्या बाबूंना कागद कमी पडू लागतात.) भिवंडीच्या गोदामात केलेली नोकरी. आईचे आजारपण. या वर्षांबद्दल मुले दोनच गोष्टी करतात : लपवतात, किंवा रडतात. दोन्ही नकोत.

लपवलेली फट वाचणाऱ्याला आधी दिसते. तारखा जुळत नाहीत, आणि मग तो स्वतःच्या मनाने कारण भरतो. त्याच्या मनातले कारण तुमच्या खऱ्या कारणापेक्षा नेहमीच वाईट असते. आणि रडण्याबद्दल सांगायचे तर आपल्या दुःखाची जत्रा भरवून तिकीट लावायची सवय या अर्जांच्या बाजाराने लावली आहे. सल्लागार म्हणवणारे लोक पैसे घेऊन सांगतात की जितके जास्त सोसले तितके चांगले. आम्ही एका मुलीचा मसुदा वाचला. दोन पानांपैकी दीड पान झोपडपट्टी, वडिलांची दारू, उपाशी रात्री. ती स्वतः कुठे आहे हे शोधावे लागत होते. आम्ही विचारले, यातले तुला स्वतःला सांगायचे होते ते कोणते? ती म्हणाली, ‘काहीच नाही, त्यांनी लिहायला सांगितलं.’

मग तिने तेच नव्याने लिहिले. त्याचा आशय असा : जून २०२१ ते मे २०२३ या काळात घरात कमावणारी मी एकटी होते, म्हणून एका गोदामात माल नोंदणीचे काम केले, आठवड्याला ४८ तास. या काळात पशुवैद्यकीय काम करता आले नाही. त्या कामात साठ्याची नोंद आणि औषधांच्या मुदतीच्या तारखा सांभाळणे शिकले. ऑगस्ट २०२३ पासून दर शनिवारी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाते. आजवर २१० तास झाले. बस, एवढेच. कारण एका वाक्यात, काम आकड्यात, आणि नंतर काय केले ते तारखेसह. ‘करता आले नाही’ हे वाक्य तिला आधी लिहवत नव्हते. पण बाकीच्या वाक्यांवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो तो त्याच वाक्यामुळे.

जात लिहावी की नाही, हेही मुले विचारतात. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत बंद केली, पण वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः लिहिण्याला मनाई केली नाही. जातीबाबतही अर्जदाराला हीच वाट आहे. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने, जिथले पशुवैद्यकीय कॉलेज जगातल्या अग्रगण्यांत गणले जाते, २०२१ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द घातला. ब्रँडाइजने २०१९ साली सुरुवात केली होती. हे आपल्या तिथल्या कार्यकर्त्यांनी लढून मिळवले आहे. तेव्हा जात हे गॅपचे खरे कारण असेल, तर एका वाक्यात लिहा, आणि अमेरिकन वाचकाला समजेल असे लिहा. ‘व्हॅलिडिटी’ या शब्दाने त्याला काही कळत नाही. सरकारी राखीव जागेसाठी लागणाऱ्या जातीच्या पडताळणीला अकरा महिने लागले, एवढे कळते. कारण जात नसेल तर ती केवळ वजन वाढवायला घुसडू नका.

गॅपची लाज वाटणाऱ्यांना आम्ही बाबासाहेबांच्या तारखा दाखवतो. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी निघण्यापूर्वी घेऊन ठेवली होती, हा बारकावा प्रत्येक अर्जदाराने लक्षात ठेवावा. पुढची तीन वर्षे त्यांच्या शिक्षणात फट आहे. त्या फटीत काय आहे? बडोद्यातली नोकरी आणि पारशी वसतिगृहातून झालेली हकालपट्टी. सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी. १९१९ साली साउथबरो समितीपुढची साक्ष. ३१ जानेवारी १९२० चा ‘मूकनायक’चा पहिला अंक. मग पगारातले साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२३ साली डी.एस्सी. आजच्या एखाद्या सल्लागाराने हा बायोडेटा पाहिला तर म्हणेल, ‘तीन वर्षांची गॅप आहे, कव्हर करावी लागेल.’

तिसरे कारण, खरोखर काहीच नसणे. इथे मात्र शब्दांची कारागिरी उपयोगी नाही. अनुभव नसेल तर अर्ज एक वर्ष पुढे ढकला आणि तास करा. हे आम्ही स्पष्ट सांगतो आणि मुले नाराज होतात. काहीजण मग दुसरी वाट धरतात : ओळखीच्या दवाखान्यातून न केलेल्या कामाचे प्रमाणपत्र. पाचशे तास, शिक्का, सही. तिकडची कॉलेजे देखरेख करणाऱ्याशी संपर्क साधू शकतात आणि खोटेपणा उघड झाला तर मिळालेला प्रवेशही जातो, हे व्यवहाराचे झाले. पण आम्ही रोज वंदनेत पाच शिले म्हणतो, त्यातले चौथे खोटे न बोलण्याचे आहे. ते अर्जाच्या वेळी बाजूला ठेवता येत नाही. शिवाय आपल्या खऱ्या दाखल्यांनाही खोटे म्हणणारे टपून बसलेले असतात. त्यांच्या हातात खराखुरा खोटा कागद आपणच द्यायचा?

खोट्या प्रमाणपत्राकडे मुले वळतात याचा दोष मात्र फक्त मुलांवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. खरे तास मिळण्याची सोय समाजाने केली आहे काय? आरक्षणामुळे पशुसंवर्धन खात्यात आज आपले कितीतरी डॉक्टर आहेत, पशुधन पर्यवेक्षक आहेत. शहरांत खासगी दवाखाने चालवणारेही आहेत. सवर्ण मुलाला काका-मामाच्या ओळखीने जे मिळते ते आपल्या मुलाला यांच्याकडून मिळायला हवे. ‘पे बॅक टू सोसायटी’ म्हणजे १४ एप्रिलच्या मिरवणुकीची पावती फाडणे एवढेच नाही. एका डॉक्टरने वर्षात दोन मुलांना आठवड्यातून एक दिवस सोबत घेतले, काम शिकवले, वहीत तास लिहून सही केली आणि वर्षअखेरीस त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसाचे खरे पत्र दिले, तर आपल्या मुलांचा अनुभवाचा मोठा प्रश्न सुटतो. खात्याची परवानगी लागेल तिथे ती लेखी घ्यावी. आणि त्या मुलाचा एसटीचा पास व डब्याचा खर्च विहाराच्या समितीने उचलावा, कारण फुकट काम करण्याची ऐपत नसणे, हेच तर मूळ दुखणे आहे. विहारात वर्षावासात ग्रंथवाचन होते तसे दोन रविवार अर्ज वाचायला द्यायला काय हरकत आहे?

शिष्यवृत्तीचाही विचार याच वेळी व्हावा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज या विषयांवरचे अभ्यास वगळले गेले. आम्ही समाजशास्त्रवाले तेव्हा खूप ओरडलो आणि अजून ओरडतो आहोत. पण विज्ञान शाखांची वाट अजून उघडी आहे, आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही आहे. दोन्हींना पदव्युत्तर शिक्षणासाठी वयाची ३५ वर्षांची अट आहे. म्हणजे गॅपच्या वर्षांची किंमत इथे दुसऱ्यांदा वसूल होते. जात पडताळणीत सरकारनेच वाया घालवलेले वर्ष वयाच्या अटीतून वजा करावे, ही मागणी कुठल्या संघटनेने लावून धरली आहे काय? विद्यार्थी संघटनांनी सामाजिक न्याय विभागाकडे ती लेखी न्यावी, मसुदा करून द्यायला आम्ही तयार आहोत.

व्हीएमकॅसची अंतिम तारीख साधारण सप्टेंबरच्या मध्यावर असते. आठवड्याला एक दिवस, सहा तास धरले तर आज सुरुवात करणाऱ्याचे वर्षाला तीनशेच्या आसपास तास होतात. ज्या डॉक्टरांना एखादा विद्यार्थी सोबत घ्यायचा आहे त्यांनी आपला तालुका आणि वार कळवावा; यादी आम्ही करतो आहोत, आणि तिच्यात मराठवाड्यातले तालुके अजून फार कमी आहेत.